एरंडेलावरचं आरमार

मराठी घरात एरंडेलाला दर्जा औषधाचा असला तरी मान शिक्षेचा आहे. मोठी सुट्टी लागली की पहिल्याच रविवारी आजी वाटी घेऊन उभी राहायची, आणि त्या वाटीतला तो जाड, पिवळट, कसलीही घाई नसलेला पदार्थ पाहिला की शाळा बरी वाटायची. आपल्या भाषेनंही त्या झाडाला कधी बरं म्हटलेलं नाही. 'ओसाड गावी एरंड बळी' म्हणताना आपण एरंडाचा आणि गावाचा, दोघांचाही अपमान एका दमात उरकतो. तेव्हा हेच तेल मिनिटाला वीस हजार फेरे घेणाऱ्या इंजिनाचा प्राण आहे, असं पुतण्यानं मला सांगितलं त्या दिवशी मी आधी त्याच्या तब्येतीची चौकशी केली.

पुतण्याकडे एक बोट आहे. दोन-सव्वादोन फूट लांब, नाकाशी निमुळती, आणि रिमोटवर चालणारी. तिच्या पोटात साडेतीन सी.सी.चं इंजिन आहे. ज्या स्कूटरवरून आमच्या तीर्थरूपांनी पत्नी, दोन मुलगे आणि गणपतीची आरास एका खेपेत वाहून नेली, तिचं इंजिन दीडशे सी.सी.चं होतं. म्हणजे हे तिच्या चाळिसाव्या हिश्श्याहून लहान. आवाज मात्र असा की आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय बाजूला ठेवून या बोटीवर ठराव झाला. तेव्हापासून महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही अंधेरीहून वेसाव्याला जातो आणि तिथून फेरीबोटीनं खाडी ओलांडून मढला. मांडीवरच्या बोटीचं वेगळं तिकीट काढायचं की ती लहान मूल धरायची, हा प्रश्न फेरीवर अजून निकालात निघालेला नाही. भरतीच्या वेळी कोळीवाड्याच्या आडोशाला खाडीचं पाणी जरा निवांत असतं. पुतण्या तिथे बोट सोडतो, आणि मी काठावर टॉवेल धरून उभा असतो.

मढचा इतिहास लिहिणारे सहसा किल्ल्यापासून सुरुवात करतात: पोर्तुगीजांनी बांधला, १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला. टॉवेल धरून उभ्या असलेल्या माणसाला मात्र वेगळ्याच आरमाराच्या इतिहासाचा नाद लागतो. कारण ही बोट बनायला ज्या मंडळींनी हातभार लावला त्यांतल्या एकालाही आपण बोट बनवतो आहोत याचा पत्ता नव्हता. अपवाद निकोला टेस्लाचा. या गृहस्थानं १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात लोखंडी बोट सोडली आणि दूर उभं राहून, मध्ये तार नाही, दोरी नाही, तिला डावीउजवीकडे वळवून दाखवलं. बघणाऱ्यांना ती जादू वाटली. त्याच वर्षीच्या ८ नोव्हेंबरला त्याला पेटंटही मिळालं. पण टेस्लाची बोट बॅटरीवर चालणारी होती, अगदी मुकी. तिला आवाज, धूर आणि वास मिळायला आणखी पन्नास वर्षं जावी लागली.

त्याचं कारण ठिणगी. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. ठिणगीला कॉइल लागते, कंडेन्सर लागतो, बॅटरी लागते. एवढा संसार पोटात घेतल्यावर हातभर बोटीत बोट राहायलाच जागा उरत नसे. यावरचा उतारा सर हंफ्री डेव्ही यांनी १८१७ मध्येच शोधून ठेवला होता. खाणकामगारांच्या सुरक्षित दिव्यावर काम करताना त्यांना दिसलं की प्लॅटिनमची तार एकदा तापवून ज्वलनशील वायूत धरली, तर ज्योत विझल्यावरही ती आपली लालबुंद राहते. प्लॅटिनम स्वतः जळत नाही, पण आजूबाजूच्यांना जळायला लावतं. असा एक गृहस्थ प्रत्येक कार्यालयात असतो. या तारेचं वेटोळं इवल्याशा प्लगमध्ये बसवून रे आर्डन या अमेरिकन कारागिरानं १९४७ मध्ये ते बाजारात आणलं. सुरू करताना दीड व्होल्टची बॅटरी लावायची, इंजिन फिरू लागलं की काढून खिशात घालायची. पुढे मेथॅनॉलची वाफ आणि प्लॅटिनम आपापसांत पाहून घेतात. कॉइल गेली, कंडेन्सर गेला, बॅटरी काठावर राहिली.

मेथॅनॉलच्या जोडीला नायट्रोमिथेन. याच्यावरूनच या इंजिनाला नायट्रो म्हणतात. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते, मेथॅनॉलला साडेसहाच्या आत, आणि नायट्रोमिथेनला फक्त एक किलो सातशे ग्रॅम. कारण त्याच्या रेणूतच प्राणवायू भरलेला असतो. इंधनांमधला हा डबा घेऊन येणारा पाहुणा. त्याच्यामुळे त्याच सिलिंडरात, तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येतं. आमच्या बाटलीत वीस टक्के नायट्रो आहे. युरोपात २०२१ पासून सोळा टक्क्यांपेक्षा जास्त नायट्रो असलेली बाटली सामान्य माणसाला विकत मिळत नाही, कारण त्याच पाहुण्यापासून स्फोटकंही बनतात.

बोट दारूवर चालते असा विनोद मी सुरुवातीला करत असे. मढहून गाडीरस्त्यानं मालाडला यायचं तर वाटेत मालवणी लागते. तिथे जून २०१५ मध्ये हेच मेथॅनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसं मेली. जी वाचली त्यांतल्या काहींचे डोळे गेले. एकदा परतीची शेवटची फेरीबोट चुकली म्हणून रिक्षानं त्या रस्त्यानं आलो. बाटली माझ्या पिशवीत होती, आणि रिक्षावाल्यानं मालवणीशी आल्यावर आपणहून ती हकीकत सांगितली. त्यानंतर पुतण्याची बाटली आमच्या कपाटात कुलपात असते आणि किल्ली माझ्याकडे. तिच्यावर मी लाल शाईनं 'विष' असं लिहिलं आहे. कुठल्याही बँकेच्या खातेवहीत इतकं स्वच्छ अक्षर सापडणार नाही.

आता एरंडेल. बाटलीतल्या इंधनात पंधरा-वीस टक्के तेल असतं, कारण या इंजिनाला वेगळं तेल घालायची सोयच नाही. इंधनाबरोबर जाईल तेवढंच. त्यात थोडं तरी एरंडेल असावं असा जुन्या जाणत्यांचा आग्रह असतो. कृत्रिम तेल स्वच्छ असतं, पण इंजिन फार तापलं की जळून जातं आणि पिस्टनला ऐन वेळी उघडा पाडतं. एरंडेल तापलं की उलट अधिक चिवट होतं, धातूला बिलगून बसतं. त्यापायी सिलिंडरवर तपकिरी लुकण चढतं खरं, पण संकटात सोडून जात नाही. पहिल्या महायुद्धात नोम आणि ल रोन या फिरत्या सिलिंडरांच्या विमान-इंजिनांना एरंडेलच लागे, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. ते तेल वापरून झालं की बाहेर फेकलं जाई, आणि त्याचे तुषार उघड्या विमानात बसलेल्या वैमानिकाच्या नाकातोंडात जात. पुढे काय होत असेल ते कोणत्याही आजीला विचारावं. शूरांच्या चरित्रांत हा भाग गाळलेला असतो. वेकफील्ड कंपनीनं १९०९ मध्ये आपल्या तेलाला कॅस्ट्रॉल नाव दिलं तेही या एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच. बी.कॉम.ला वायदेबाजार शिकताना मुंबईच्या एरंडी वायद्याचं उदाहरण आम्ही घोकलं होतं. आज जगातली सर्वांत जास्त एरंडी गुजरातेत पिकते. एवढं सगळं शिकून त्या तेलाबद्दलचं माझं मत मात्र वाटीवरच अडलेलं होतं.

आपल्याकडे हा छंद आला तो विमानांच्या आणि जहाजांच्या प्रतिकृतींबरोबर, एनसीसीच्या हवाई आणि नौदल विभागांतून. कलकत्त्याच्या इंडियाज हॉबी सेंटरनं 'ऑरोरा' नावाची चिमुकली इंजिनं बनवली, ती देशभर चालली. त्या छोट्या डिझेल जातीला प्लगही लागत नसे. एक भाग ईथर, एक भाग रॉकेल, एक भाग एरंडेल, की झालं. म्हणजे एक वस्तू दवाखान्यातली, दुसरी रेशनच्या दुकानातली आणि तिसरी आजीच्या फडताळातली. वर रिमोट हवा असेल तर १९३३ च्या वायरलेस कायद्याचा परवाना. घरचा रेडिओ ऐकायलासुद्धा जिथे पोस्टात पैसे भरून लायसन काढावं लागे, तिथे पाण्यातली बोट वळवायला सरकारला विचारावं लागणं ओघानंच आलं.

हे इंजिन विकत घेता येतं, पण चालवावं लागतं सुईनं. कार्बोरेटरवर पितळी सुया असतात, एक पूर्ण वेगासाठी आणि एक मंद वेगासाठी. सुई उजवीकडे फिरवली की इंधन कमी, डावीकडे फिरवली की जास्त. इंधन जास्त झालं तर निळा धूर निघतो, आवाज गचके खातो, बोट अजीर्ण झाल्यासारखी चालते. इंधन कमी पडलं तर गंमत अशी की बोट आधी सुरेख पळते. धूर विरळ होतो, आवाज चढतो, काठावरचे टाळ्या वाजवतात, आणि मिनिटाभरात आतला पिस्टन भाजून निघतो. कारण इंधन कमी म्हणजे तेलही कमी. ही कंजुशी नफ्यासारखी दिसते. ताळेबंद वाचायची सवय असलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचं आहे. पगार आणि दुरुस्ती थकवून वर्षअखेरीला झळकणारी दुकानं आम्ही काउंटरच्या आतून पुष्कळ पाहिली आहेत.

म्हणून नियम असा की एका वेळी एकच सुई, आणि तीही फेऱ्याच्या अष्टमांशानं. मग थांबायचं, बोटीला एक चक्कर मारू द्यायची, ऐकायचं. बेरीज जुळत नसली की एकदम पाच आकडे बदलणारा कारकून आणि एकदम दोन्ही सुया फिरवणारा हौशी, यांचा शेवट सारखाच होतो. घरच्या टेबलावर जुळवलेली सुई पाण्यात उपयोगी पडत नाही, कारण टेबलावर पंख्याला पाण्याचा भार नसतो. डिसेंबरच्या गार सकाळी जुळलेली सुई मे महिन्याच्या दमट दुपारी जुळत नाही, कारण हवाच पातळ झालेली असते आणि इंधन थोडं कमी करावं लागतं. नवं इंजिन तर पहिल्या काही टाक्या भरपूर इंधनावर, धूर काढत, लाडानंच चालवावं लागतं. वीस हजार फेरे म्हणजे सेकंदाला तीनशे तेहतीस स्फोट. आमच्या ओळखीच्या एका पेटीवाल्यांनी ऐकून सांगितलं की ही पांढरी तीन. आणखी हजारभर फेरे वाढले की बोट पांढरी चारमध्ये जाते, आणि तिथे ती फार वेळ गायली तर मैफल आटोपली समजायचं.

या बोटीला थंड ठेवायला समुद्राचंच पाणी वापरतात. सुकाणूपाशी एक बारीक नळी असते. बोट पळाली की पाणी आपसूक तिच्यात घुसतं, सिलिंडरच्या डोक्याभोवती फिरतं आणि कडेनं पिचकारीसारखं बाहेर पडतं. बोट पळायची थांबली की पाणीही थांबतं. शिवाय मढचं पाणी खारं. खेळ झाला की गोड्या पाण्यानं नळी धुवायची, टाकी रिकामी करायची, उरलेलं इंधन जाळून टाकायचं आणि प्लग काढून आत तेलाचे थेंब सोडायचे. मेथॅनॉल हवेतली ओल शोषून घेतं आणि रात्रभरात बेअरिंगला गंज चढवतं. पुतण्याच्या खोलीतला पसारा सहा महिने तसाच असतो, पण हे काम तो जेवायच्या आधी करतो. त्याच्या आईला याचं वाईट वाटतं.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात एका रविवारी फेरीबोटीच्या लाटेनं आमची बोट उलटली. इंजिनानं पाणी प्यालं आणि गप्प झालं. होडीतून एक मुलगा गेला आणि तिला घेऊन आला. पुतण्या घाईघाईनं स्टार्टर लावणार एवढ्यात मागून आवाज आला, "अरे बाला, चालू करू नको! पानी हाय आत. हवा दाबते, पानी दाबत नाय."

हे नाखवा. त्या मुलाचे आजोबा. वय सत्तरीच्या पुढे, अंगात बनियन, कानात काही नाही. म्हणजे ऐकायचं यंत्रही नाही आणि ऐकूही फारसं येत नाही. त्यांनी इंजिन हातात घेतलं, प्लग काढायला लावला, बोट पालथी केली आणि बोटांनी पंखा फिरवला. चमचाभर खाडी बाहेर आली. पिस्टनवर पाणी असताना इंजिन जोरानं फिरवलं असतं तर कनेक्टिंग रॉड वाकला असता. पुतण्याच्या पुस्तकात यावर तीन पानं आहेत. नाखवांनी ते चार शब्दांत संपवलं.

त्यांना प्लगची तार फार आवडली. "ह्याचा गोला लाल होतंय का?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीनं अत्यंत अचूक होता. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रजानं १८९० मध्ये ज्या इंजिनाचं पेटंट घेतलं, त्याच्या डोक्यावर लोखंडाचा पोकळ गोळा असे. तो स्टोव्हसारख्या दिव्यानं तापवायचा, आणि त्या तापल्या गोळ्यावर तेल पडून पेट घेई. ठिणगी नाहीच. आमच्या प्लगचा हा थोरला चुलता. १८९२ पासून हॉर्न्सबी कंपनी ती इंजिनं बनवू लागली, १९१८ मध्ये ती रस्टन कंपनीत मिळाली, आणि रस्टन हे नाव पुढे चिंचवडच्या कारखान्यापर्यंत आलं. नाखवांच्या वडिलांच्या मचव्यावर पहिलं इंजिन बसलं ते रस्टनचं. ते गोळ्याचं नव्हतं, सरळ डिझेल होतं; पण गोळ्याची इंजिनं त्यांनी लहानपणी दुसऱ्यांकडे पाहिली होती. डिझेलचा जनक रुडोल्फ डिझेल सप्टेंबर १९१३ मध्ये इंग्लंडला निघालेल्या 'ड्रेस्डेन' जहाजावरून रात्रीत नाहीसा झाला, आणि नंतर त्याचा देह समुद्रात सापडला. हे मी सांगितलं तेव्हा नाखवांनी कानाशी हात नेला, पुन्हा सांगायला लावलं, आणि मग खाडीकडे बघून हात जोडले.

१९५१ मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि त्या सुमारास मुंबई राज्यात कोळ्यांच्या होड्यांना इंजिन बसवायला कर्ज आणि अनुदान मिळू लागलं. तोवर शीड आणि वल्हं. वारा पडला तर मासळी बर्फाविना होडीतच बसायची. इंजिनानं ते थांबवलं, पण त्याबरोबर हप्ता आला, डिझेल आलं आणि सुटे भाग आले. कर्जाच्या कागदावर तारण म्हणून बोट लिहितात. रोज पहाटे गावाबाहेर जाणारं हे एकमेव तारण. ते संध्याकाळी परत येईलच याची हमी कुठल्या रकान्यात लिहायची ते आमच्या शाखेत कोणालाच सांगता आलेलं नाही. नाखवांच्या वडिलांनी इंजिन घेतल्यावरही कितीतरी वर्षं शीड गुंडाळून बोटीतच ठेवलं होतं. कोणी हसलं तर म्हणत, इंजिनाला हप्ता असतो, वाऱ्याला नाही.

नाखवा स्वतः चाळीस वर्षं इंजिनाशेजारी बसले. बोटीच्या पोटात, बंद जागेत, डोक्यावर फळी. कानाला असा मार बसला की आधी बारीक, उंच आवाज जातात. आधी नातवंडांचं बोलणं जातं, इंजिनाचा घोग उरतो. त्यांनी सांगितलं की घरात काही ऐकू येत नसे, पण पंख्याला जाळं अडकलं की झोपेतून जागे होत.

मग त्यांनी आमची सुई लावली. पुतण्यानं बोट पाण्यात धरली, इंजिन सुरू केलं, आणि नाखवांनी माझ्या पिशवीतला लांब पेचकस घेऊन त्याचं टोक बोटीच्या कडेला टेकवलं व मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटले. डाव्या हाताचं एक बोट किंचित हललं: उजवीकडे. पुन्हा किंचित. मग हात उलटा झाला आणि सुई अर्ध्यानं मागे आली. "आता ऱ्हाऊ दे. थोरा धूर ऱ्हायला पायजे." बोट सुटली आणि फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत जाऊन वळून आली. कडेच्या पिचकारीचं पाणी हाताला कोमट लागलं, आणि मागे निळसर धुराची रेघ पाण्यावर तशीच राहिली. काढून पाहिला तर प्लगची तार चकचकीत. पुतण्याचं तापमान मोजायचं यंत्र बॅगेतच होतं.

अलीकडे हा छंद विजेकडे वळला आहे. नव्या मोटारी, नव्या बॅटऱ्या. सुई नाही, एरंडेल नाही, वास नाही. वेगही जास्त. सोसायटी खूश आहे. पुतण्यानंही परवा एका मित्राची तसली बोट आणली आणि कौतुकानं नाखवांना दाखवली. पाण्यात सोडण्याआधी त्यानं काठावरच मोटर सुरू केली. पंखा दिसेनासा झाला. नाखवांनी शांतपणे पेचकस मागून घेतला, टोक कडेला टेकवलं, मूठ कानामागे धरली आणि बराच वेळ डोळे मिटून बसले. मग पेचकस परत देऊन म्हणाले, "चालू कर ना."